क्लबमधल्या मुलांची सुरक्षा: कार्यकारिणीच्या ठरावापासून पोलीस ठाण्यापर्यंत, क्रमाने

कबड्डी असो, मल्लखांब असो, पोहणं असो नाहीतर क्रिकेट, मंडळांच्या पदाधिकाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो, की मुलाबद्दल काही तक्रार आली तर चौकशी कशी करायची. गडबड इथूनच सुरू होते. लैंगिक त्रासाची तक्रार असेल तर मंडळाने चौकशी करायचीच नसते, कळवायचं असतं. होतं मात्र उलटं. आधी सरांना बोलावतात, मग आईवडलांना, मग दोन जुने सभासद मध्ये पडतात, 'मंडळाचं नाव खराब होईल' हे कोणीतरी बोलतंच, आणि आठवड्याने पोलिसांचा विषय निघेपर्यंत त्या मुलीने पाच-सहा जणांसमोर तेच ते सांगून झालेलं असतं.

म्हणून खालचा क्रम पाळा. पहिले सात टप्पे काही घडायच्या आधीचे आहेत आणि ते झालेले नसतील तर पुढचे ऐनवेळी जमत नाहीत. उदाहरण एका साध्या कबड्डी मंडळाचं धरलंय: संध्याकाळी मॅटवर चाळीसेक मुलंमुली, दोन कोच, मदतीला दोन-तीन जुने खेळाडू, एक वॉचमन, बाकी सगळा हौशी कारभार.

टप्पा १: कायद्यातलं एवढं पाठ करा

वकील व्हायची गरज नाही, चार गोष्टी पुरेत.

पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा, २०१२ चा. त्यात १८ वर्षांखालचं कोणीही 'मूल' आहे, मुलगा असो वा मुलगी, आणि मुलाच्या संमतीला कायद्यात किंमत नाही, त्यामुळे 'ती स्वतःच सरांशी बोलायची' हे वाक्य मीटिंगमध्ये आलं की तिथेच थांबवा.

कलम १९ प्रमाणे गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी भीती वाटली तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. कोचवर, वॉचमनवर, दुसऱ्या मुलाच्या आईवरसुद्धा. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही. कळवलं नाही तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दाबला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. हे नुसतं कागदावर नाहीये. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा वेळेत कळवलं नाही म्हणून शाळेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा नोंदला गेला. चांगल्या हेतूने कळवलं आणि पुढे काही निघालं नाही, तर कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही.

तिसरं, पॉक्सोचे २०२० चे नियम. त्यात क्रीडा अकादमींचं नाव घेऊन म्हटलंय की मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या संस्थेने प्रत्येक कर्मचाऱ्याची, कायम असो वा कंत्राटी, ठराविक काळाने पोलीस पडताळणी करायची आणि बालसुरक्षेचं प्रशिक्षणही द्यायचं. 'आम्ही अकादमी नाही, मंडळ आहोत' ही पळवाट चालत नाही, रोज मुलं येतात ना, मग झालं.

चौथं मारहाणीबद्दल. ताब्यातल्या मुलाला मारणं, छळणं यासाठी बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पट्ट्याने पोटऱ्या लाल करणं म्हणजे 'जुनी शिस्त' नव्हे.

टप्पा २: ठराव आणि दोन माणसं

कार्यकारिणीच्या मीटिंगमध्ये लेखी ठराव करून दोन संपर्क व्यक्ती नेमा. त्यात एक बाई हवीच, आणि दोघांपैकी किमान एक जण असा हवा की जो कोच नाही, कोचचा नातेवाईक नाही आणि संघनिवडीत त्याचा हात नाही. मुलं गप्प का बसतात तर संघातून नाव जाईल म्हणून, मग ज्याच्या हातात निवड आहे त्याच्याकडेच तक्रार कोण करेल.

अध्यक्षांना हे काम देऊ नका. त्यांच्याकडे वेळ नसतो आणि मंडळाच्या नावाची काळजी सगळ्यात जास्त त्यांनाच असते. पालकांपैकी एखादी नर्स, शिक्षिका, बँकेत काम करणारी बाई, जी कागद नीट ठेवते आणि कोणाला घाबरत नाही, ती बघा.

त्याच ठरावात आचारसंहिता मंजूर करा. दोन पानांपेक्षा मोठी केलीत तर कोणी वाचणार नाही. कोच, मदतनीस, वॉचमन, गाडीवाला, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि प्रत एका फायलीत ठेवा.

> तपासा: दोघांची नावं आणि नंबर मॅटच्या हॉलमध्ये, मुलांच्या नजरेच्या उंचीवर लागलेत का? खाली १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) आणि ११२ लिहिलंय का? ऑफिसच्या आतल्या भिंतीवर ट्रॉफ्यांच्या मागे लावलेला कागद धरत नाहीत.

टप्पा ३: माणसं तपासा, 'दादा' लोकांसकट

कोचची पोलीस पडताळणी बरेच जण करतात. राहतात ते दादा. जुना खेळाडू, चोवीस-पंचवीसचा, संध्याकाळी येतो, वॉर्मअप घेतो, हॉलची चावी त्याच्याकडेच असते, पगार नाही म्हणून रजिस्टरला नाव नाही, आणि मुलांशी सगळ्यात जास्त वेळ तोच एकटा असतो. त्याचीही पडताळणी करा, वॉचमनची करा, टेम्पो ट्रॅव्हलर नेहमी एकाच माणसाची असेल तर त्याचीही करा.

क्रम असा:
१. अर्ज, फोटो, आधारची प्रत, आधी कुठे शिकवलं त्याची यादी.
२. आधीच्या दोन ठिकाणी स्वतः फोन. 'कसे आहेत' विचारलं की सगळे 'छान आहेत' म्हणतात. त्यापेक्षा विचारा, 'परत घ्याल का त्यांना? मुलींची बॅच द्याल का?' समोरचा क्षणभर थांबला तर तेही लिहून ठेवा.
३. चारित्र्य पडताळणीसाठी ऑनलाइन अर्ज, मग कागद घेऊन पोलीस ठाणं.
४. दाखला हातात येईपर्यंत एकट्याने बॅच द्यायची नाही.

> सावधान: दाखला कोरा आला म्हणजे माणूस स्वच्छ, असं नाही. ज्याची तक्रारच कधी झाली नाही त्याचाही दाखला कोराच येतो. म्हणून पुढचा टप्पा गाळू नका.

टप्पा ४: मैदानावर रोज काय पाळायचं

जास्तीत जास्त काम इथेच आहे. एकच सूत्र धरा: एक मोठा माणूस आणि एक मूल, बंद जागेत, कोणाला दिसणार नाही असं, कधीच नाही. एकट्याला वेगळं शिकवायचं असेल तर मॅटच्या कोपऱ्यात, सगळ्यांसमोर. बोलायचं असेल तर ऑफिसचं दार उघडं ठेवून.

*स्पर्श.* कबड्डीत हात लावल्याशिवाय शिकवता येत नाही हे खरंय, पण हात कोचचाच हवा असं कुठे आहे. मांडीची पकड, घोट्याची पकड, कमरेची पकड शिकवताना दोन खेळाडूंना पुढे घ्या, मुलींच्या बॅचला मुलीच, आणि सरांनी हातभर अंतरावर उभं राहून बोलायचं: 'उजवा हात अजून खाली, खांदा आत घाल.' अगदीच हाताने पोझिशन दुरुस्त करावी लागली तर आधी सांगा, 'तुझा खांदा मागे करतोय, चालेल?' आणि नाही म्हणाली तर दुसऱ्या पद्धतीने शिकवा, तोंड वाकडं न करता.

*मालिश.* कोचने मुलांना मालिश करायची नाही आणि मुलांकडून स्वतःचे पाय दाबून घ्यायचे नाहीत. यावर जुन्या लोकांचा आक्षेप हमखास येतो, गुरूची सेवा वगैरे. येऊ द्या. दुखापत असेल तर फिजिओ, हॉलमध्ये, पालक किंवा दुसरा मोठा माणूस समोर.

*वजन.* ही जागा सगळ्यांच्या नजरेतून सुटते. वजनगटाच्या स्पर्धेआधी आठ-दहा मुलांना रांगेत उभं करून कमीत कमी कपड्यांत काट्यावर चढवतात, बाकीचे बघतात, हसतात, कोणीतरी मोबाइल काढतो. हे बंद. वजन टीशर्ट-शॉर्टसवर घ्यायचं आणि कपड्यांचे म्हणून थोडे ग्रॅम वजा धरायचे. स्पर्धेच्या अधिकृत वजनाला कपडे कमी करावेच लागले तर वेगळी खोली, मुलींना बाई अधिकारी, मोबाइल बाहेर. आणि तेरा वर्षांच्या पोराला दोन दिवस उपाशी ठेवून, जॅकेट घालून उन्हात पळवून वजन उतरवणं हाही छळच, तोही आचारसंहितेत लिहा.

*कपडे बदलायची जागा, बाथरूम.* मुलं बदलत असताना मोठ्या माणसाने आत जायचं नाही. भांडण वगैरेसाठी जावंच लागलं तर दार वाजवून, दोघांनी. दरवाज्याची कडी चालते का, खिडकीची काच फुटलीय का हे बघा, नियमांआधी सुतार बोलवा.

*घरी जाणं.* कोण न्यायला येणार ते प्रवेशाच्या फॉर्मवरच लिहून घ्या. नवीन 'काका' आला तर फॉर्मवरच्या नंबरवर फोन करून खात्री, तो दाखवतोय त्या नंबरवर नाही. पालकांना उशीर झाला तर दोन मोठ्या माणसांनी थांबायचं, कोचने मुलाला बाइकवर एकट्याला सोडायचं नाही.

> तपासा: एखाद्या दिवशी न सांगता साडेसातला, सराव सुटताना जाऊन उभे राहा. शेवटचं मूल जाईपर्यंत कोण कोण आहे, चावी कोणाकडे आहे, दिवे कुठले बंद आहेत. नियम पाळले जातात का ते या अर्ध्या तासात कळतं.

टप्पा ५: फोन, फोटो, ग्रुप

व्हॉट्सॲप ग्रुप पालकांचा करा, मुलांचा नाही. सोळा-सतरा वर्षांची मुलं स्वतः ग्रुपवर असतील तर एक पालक आणि एक संपर्क व्यक्ती त्यात हवीच. कोचने मुलाला खासगी मेसेज करायचा नाही. मुलाने केला तर उत्तर ग्रुपवर, उदाहरणार्थ: 'उद्याचा सराव ६ वाजता, ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी.' इन्स्टाग्रामवर फॉलो करणं, रात्री दहानंतर 'जेवलीस का' विचारणं, 'हे घरी सांगू नको' म्हणणं, पैसे किंवा बूट एकट्यालाच देणं, यातलं एकेक सुटं बघितलं तर साधं वाटतं, म्हणून संपर्क व्यक्तीने तारखेसकट वहीत लिहायचं. तीन नोंदी एकाच माणसाच्या झाल्या की चित्र दिसायला लागतं.

फोटो टाकण्याआधी पालकांची लेखी परवानगी, आणि मुलालाही विचारा. नाव, शाळा आणि सरावाची वेळ एकाच पोस्टमध्ये टाकू नका.

टप्पा ६: बाहेरगावची स्पर्धा

मुलींचा संघ असेल तर बाई मॅनेजर. मिळत नाही म्हणून एखाद्या सीनियर मुलीलाच 'मॅनेजर' लिहून पाठवतात, ते चालणार नाही, एखाद्या आईला न्या, तिचं भाडं मंडळाने भरावं.

राहायला बहुतेक वेळा मंगल कार्यालय नाहीतर शाळेचे वर्ग मिळतात, एका हॉलमध्ये गाद्या टाकून वीस जण. मोठ्यांनी मुलांच्या खोलीत झोपायचं नाही. एकच हॉल असेल तर मुलींची सोय वेगळी मागा, आयोजकांशी भांडावं लागलं तरी, आणि निघायच्या आधी फोनवर विचारा, पोचल्यावर रात्री अकराला नाही. बाथरूम कुठे, तिथे दिवा आहे का, रात्री जायचं तर दोघींनी मिळून. मोठ्यांनी त्या दिवसांत दारू नाही. परत येताना शेवटचं मूल गाडीत एकटं उरणार नाही असा उतरायचा क्रम लावा.

सोबत फाइल हवी: पालकांचे दोन-दोन नंबर, औषधं, ॲलर्जी, जवळचं हॉस्पिटल, जवळचं पोलीस ठाणं.

मध्येच एक: १८ पूर्ण झालेले खेळाडू

सज्ञान झाले की कायदा बदलतो, तुमची काळजी घ्यायची जबाबदारी मात्र बदलत नाही. सज्ञान मुली-बायकांसाठी २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा आहे, आणि त्यात 'कामाचं ठिकाण' म्हणताना क्रीडा संस्था, स्टेडियम, स्पर्धेची जागा हेही धरलंय. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवी, कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, साधारण तीन महिन्यांच्या आत.

बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंबाबत एक मोठा गैरसमज आहे. 'ती पंचवीसची आहे पण मनाने आठ वर्षांची, म्हणजे पॉक्सो लागेल' असं लोक धरून चालतात. लागत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलंय की पॉक्सोत वय जन्मतारखेवरूनच धरायचं. तिथे भारतीय न्याय संहिता आणि २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा लागतो. अपंग महिलेच्या लैंगिक गुन्ह्याच्या तक्रारीसाठी पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिच्या सोयीच्या जागी येऊन, दुभाषी किंवा विशेष शिक्षकासमोर, व्हिडिओ करून जबाब घ्यायचा असतो. ही तरतूद माहीत असेल तर मागता येते, नाहीतर व्हीलचेअर ढकलत ठाण्याच्या पायऱ्यांपाशी उभं राहावं लागतं.

रोजच्या व्यवहारात: तिशीतल्या माणसाला 'बाळा' म्हणू नका, परवानगी त्यालाही विचारा, नुसती आईला नाही. बाथरूमला मदत लागत असेल तर कोणी करायची ते त्याच्याशी बोलून आधीच लिहून ठेवा. कर्णबधिर खेळाडूचं म्हणणं घरच्यांनी 'सांगितलं' म्हणून धरू नका, खुणांची भाषा जाणणारा बाहेरचा माणूस आणा.

टप्पा ७: मुलांना आणि पालकांना सांगा

फॉर्मबरोबर नियमांचा कागद दिला म्हणजे सांगितलं असं नाही. जूनमध्ये नवी बॅच आली की मॅटवर बसवून पंधरा मिनिटं बोला, दोन्ही संपर्क व्यक्तींना समोर उभं करून. लहानांना एवढंच: कोणी कुठे हात लावला आणि तुला आवडलं नाही, किंवा कोणी म्हणालं की हे कोणाला सांगू नको, तर या ताईंना सांग, संघातून नाव जाणार नाही. मुलग्यांना वेगळं ठासून सांगा, कारण आपल्याकडे मुलगा म्हटलं की 'त्याला काय होतंय' असं असतं.

टप्पा ८: मूल बोललं, तेव्हा पहिला अर्धा तास

ते बहुतेक वेळा सरळ सांगत नाही. 'मला त्या सरांच्या बॅचला नाही यायचं', 'दादा विचित्र वागतात', इतकंच. तिथे थांबा.

१. बाजूला, पण दिसेल अशा जागी बसा. पाणी द्या.
२. ऐका. 'खरं सांगतेस ना?', 'आधी का नाही बोललीस?', 'सर असं करतील वाटत नाही', यातलं एकही नको.
३. फार तर 'मग काय झालं?' विचारा. 'त्यांनी इथे हात लावला का?' असं सुचवून विचारू नका, उत्तर तुम्हीच तोंडात दिल्यासारखं होतं आणि पुढे कोर्टात त्याचाच घोळ होतो.
४. 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. म्हणा: 'तू सांगितलंस ते बरं केलंस. तुझी चूक नाही. मला हे मदत करणाऱ्या लोकांना सांगावं लागेल, बाकी मुलांना कळणार नाही.'
५. लगेच लिहा. मुलाचे शब्द जसेच्या तसे. ती 'शूची जागा' म्हणाली असेल तर तेच, तुमचा सभ्य शब्द नको. तारीख, वेळ, जागा, तुमची सही.

> सावधान: परत परत विचारू नका. अध्यक्षांसमोर 'पुन्हा एकदा सांग बाळा' हा सगळ्यात वाईट प्रकार. आणि ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याला 'एकदा विचारून तर बघू' म्हणून फोन करू नका.

आईवडलांना लगेच कळवा, संशय घरातल्याच माणसावर असेल तर मात्र नाही, तेव्हा थेट १०९८.

नुकतंच घडलेलं असेल तर अंघोळ, कपडे धुणं थांबवा, कपडे कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकच्या नाही. आधी हॉस्पिटल. तातडीच्या उपचारासाठी हॉस्पिटलने पोलिसांचा कागद आधी मागायचा नसतो.

मोबाइलवर घाण फोटो किंवा व्हिडिओ असतील तर पुरावा म्हणून स्वतःच्या फोनवर घेऊ नका आणि कमिटीच्या ग्रुपवर तर अजिबात टाकू नका. मुलांचं असं चित्रण पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे. तो फोन आहे तसा पोलिसांकडे द्या.

टप्पा ९: कळवणं

त्याच दिवशी. मीटिंग बोलावून ठराव करून मग नाही. स्थानिक पोलीस ठाण्यात किंवा विशेष बाल पोलीस पथकाकडे, तातडी असेल तर ११२. घटना दुसऱ्या गावच्या स्पर्धेत घडली असली तरी जवळच्या ठाण्यात नोंद करता येते.

बरोबर न्यायचं: तुमची लेखी नोंद, मुलाच्या वयाचा पुरावा, त्या माणसाचा अर्ज आणि पत्ता, त्या दिवसाचं हजेरी रजिस्टर. मूल नसलं तरी तुम्ही कळवू शकता.

मुलाचे हक्क कार्यकारिणीतल्या एकाला तरी माहीत हवेत. जबाब घरी किंवा मुलाला हवा तिथे घेतात, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेशात नाही. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरने, पालक किंवा विश्वासातल्या माणसासमोर. चोवीस तासांत पोलिसांनी बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. ठाण्यात टाळाटाळ झाली तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना लेखी अर्ज पाठवा, आणि जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीलाही.

सगळंच पोलिसांकडे न्यायचं का? नाही. चिडवणं, अंगावरून टोमणे, निवडीतला दुजाभाव, खासगी मेसेजचा नियम मोडणं, हे मंडळाने हाताळायचं, लेखी समज, निलंबन, काढणं. पण टोमण्यात लैंगिक बोलणं आलं, मेसेजमध्ये फोटो मागितला, की ते तुमच्या हातातलं नाही. कुठे बसतं कळत नसेल तर १०९८ ला फोन करून विचारा, कमिटीत मतदान घेऊ नका.

टप्पा १०: त्यानंतरचे आठवडे

त्या माणसाला त्याच दिवसापासून कामावरून दूर ठेवा, चावी परत घ्या, ग्रुपमधून काढा. पत्रात आरोप लिहू नका, 'पुढील सूचनेपर्यंत आपण सराव घेणार नाही' एवढंच, आणि हेही पोलिसांना विचारून द्या, आधीच सावध होऊन फोन फॉरमॅट मारला असं नको. राजीनामा मागून, सत्कार करून, दुसऱ्या मंडळाला 'चांगले कोच आहेत' सांगून पाठवणं म्हणजे तिथल्या मुलांना त्याच्या हाती देणं.

मुलाचं नाव, फोटो, शाळा, गल्ली, घरच्यांची ओळख कुठेही फोडायची नाही, कायद्याने बंदी आहे. पालकांना मेसेज करायचाच तर: 'एका तक्रारीवरून कायद्याप्रमाणे कार्यवाही झाली आहे. अंदाज बांधू नका. मुलांना काही सांगायचं असेल तर खालच्या नंबरवर.' पत्रकार आला तरी एवढंच.

त्या मुलाला परत खेळायचं असेल तर यायला मिळालं पाहिजे, वेळ बदलून हवी असेल तर बदलून. बहुतेक ठिकाणी आरोप झालेला माणूस दोन महिन्यांत परत दिसतो आणि मूल मात्र कायमचं खेळ सोडतं. संपर्क व्यक्तीने दर आठवड्याला घरी एक फोन करायचा, केसची चौकशी करायला नाही, सराव कसा जमेल ते विचारायला. समुपदेशन हवं असेल तर बाल कल्याण समितीमार्फत किंवा १०९८ वरून सोय होते.

नोंदवही कुलपात, चावी दोघांकडे. आणि दरवर्षी जूनच्या आधी एक संध्याकाळ काढून एवढं बघा: कोणाची पडताळणी जुनी झालीय, नवीन दादा कोण आलाय, भिंतीवरचे नंबर अजून चालू आहेत का, ते प्रत्यक्ष लावून बघा.